सहा भोकांची पेटी आणि पोट्ट्यांचं डोकं

१९५४ साल. मी सव्वीस वर्षांचा. पाठीवर बाईस्कोपची पेटी, खिशात फुटाण्याची पुडी आणि डोक्यात अशी हवा, की जाम ते समुद्रपूर या पट्ट्यात आपल्यासारखा गडी दुसरा नाही.

टीव्ही पाहून पोरांची विचार करायची ताकद कमी होते काय, यावर एखाद्या जुन्या माणसानं अनुभव लिहावा, असं या अंकाच्या संपादकांचं पत्र आलं. माझं शिक्षण पहिलीचं अर्धं वर्ष. उरलेलं अर्धं वर्ष मास्तर मला शोधत होते. असा माणूस मेंदूबद्दल काय लिहिणार, असं सूनबाई म्हणाली. पण हाच आरोप मी भर गावात, उभ्यानं, टोपी हातात घेऊन ऐकलेला आहे. आणि तोही आमच्या घरात टीव्ही यायच्या पस्तीस वर्षं आधी. तेव्हा बोलायचा हक्क माझा पहिला. लिहिलं मीच आहे. नातीनं काने-मात्रे सरळ केले. वाक्य सरळ करायला निघाली, तेव्हा मी कागद ओढून घेतला.

ज्यांनी ती पेटी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिपाईवर ठेवलेली लाकडाची पेटी, समोर सहा भोकं, प्रत्येक भोकाला जाड भिंग. आत दोन रूळ. एका रुळावरची कापडाची लांब पट्टी दुसऱ्यावर गुंडाळली जायची, आणि त्या पट्टीवर खळीनं चिकटवलेली बारा रंगीत चित्रं. मी बाहेरून दांडी फिरवायची, आत चित्र बदलायचं. वरचं झाकण उघडं ठेवायचं म्हणजे ऊन आत पडे. सूर्य हेच माझं बिजलीघर. ढग आले की धंदा बंद, आणि मी फुटाणे खात बसलेलो.

भिंगातून हातभर चित्र पोट्ट्यांना दरवाजाएवढं दिसायचं. पण चित्र मुकं. त्याला वाचा माझी. दांडी फिरवता फिरवता मी ओरडायचो:

"बसल्या ठायी मुलुख पाही, पायाले धूळ लागत नाई! हा आला हत्ती, अंबारी सोन्याची, सोंड पाह्य कशी अजगरावानी! हा आला पूल, खालून जहाज जाते, वरून गाडी जाते, मधून मानूस जाते!"

एका फेरीला एक पैसा. पैसा नसला तर मूठभर कापूसही चालायचा. त्यामुळे कापूस वेचणीच्या दिवसांत माझ्यामागं पोट्टे कमी आणि त्यांच्या माया जास्त लागायच्या. एकीनं तर हातातल्या विळ्यासकट विचारलं होतं, "काऊन रे पेटीवाल्या, माह्या घरच्या गाद्या तुह्या पेटीत भरून राह्यला काय?"

गिऱ्हाइकं एकेक नग असत. एक गाडीवान हत्ती पाहून उठला आणि तडक पेटीच्या मागं गेला. म्हणालो, "काय पाहता?" तर म्हणे, "पुढून पाह्यला, आता मागून पाहू दे. पैसा अख्ख्या हत्तीचा देल्ला." एक म्हातारबा आगगाडीचं चित्र आलं तसे भोकाला तोंड लावून ओरडले, "पुलगावले थांबव!" त्यांचा जावई तिथल्या मिलमध्ये होता.

आता मुद्द्याचं. जामपासून दोन कोसांवर एक गाव होतं. नाव सांगत नाही. ज्यांची गोष्ट आहे त्यांची नातवंडं आता तिथं शिकवतात, कुणी कचेरीत आहेत. त्या गावच्या शाळेसमोर एक कडुनिंब होता. मधली सुट्टी झाली की तीस-चाळीस पोट्टे थेट माझ्या अंगावर. एवढी चांगली जागा मला दुसऱ्या कुठल्याच गावात नव्हती. आठवड्यातले तीन दिवस मी तिथंच उभा असायचो.

पोट्टे भोकाला डोळे लावून बसायचे, आणि एक पोट्टी मात्र पेटीला पाठ लावून उभी राहायची. कौसी तिचं नाव. तिसरीत होती. बाप हिंगणघाटला सरकी काढायच्या जिनात कामाला, माय लोकांच्या वावरात. पैसा तिच्या हातात कधी नसायचा, आणि घरचा कापूस नव्हताच. ती फक्त ऐकायची. डोळे मिटून, ओठ हलवत. मी एकदा म्हणालो, "पोरी, ऐकनं फुकट हाय, पन असं डोळे मिटून का बरं?" तर म्हणे, "उघडे ठेवले त तुमी दिसता."

त्या वर्षी तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मी पेटीसकट नाल्यात पडलो. दारू प्यायलेलो नव्हतो. हे लिहून ठेवतो, कारण त्या गावात अजून दुसरंच सांगतात. शेवाळावरून पाय सरकला. पेटी वाचली, पण खळ विरघळली आणि बाराच्या बारा चित्रं सुटी होऊन तरंगायला लागली. ती मी बाभळीच्या काट्यांना टोचून वाळवली आणि कणकेच्या खळीनं परत चिकटवली.

इथं माझी चोरी सांगावी लागते. चित्रं मी नागपूरच्या एका दुकानातून घेतली होती. दुकानदारानं एकामागून एक नावं सांगितली, आणि मी ती घडाघडा पाठ केली. पहिलं हत्ती, दुसरं पूल, तिसरं म्हैसूरचा राजवाडा, असं. नावं चित्राखाली बारीक हिंदीत छापलेली होती. पण ती ओळ पेटीच्या आतल्या चौकटीमागं जायची, भोकातून दिसायची नाही. दिसली असती तरी काय, तेव्हा मला वाचता कुठं येत होतं? अक्षरं मी पुढं फार उशिरा शिकलो. हत्ती आणि पूल मी ओळखला. पण राजवाडे चार! घुमटाला घुमट, खिडकीला खिडकी. कोणता कुठं चिकटला, देव जाणे. मग ज्या दिवशी जे गाव तोंडात येईल ते मी ठोकून द्यायचो. आवाज मोठा ठेवला की लोक शंका घेत नाहीत, हा माझा अनुभव. टीव्हीवाल्यांचाही तोच असावा.

शाळेवर वैरागडे मास्तर होते. सरळ माणूस, धोतर पांढरंशुभ्र, छडी त्याहून सरळ. दिवाळी झाली आणि एक दिवस ते सुट्टीत पोट्ट्यांना बाजूला सारत माझ्यापर्यंत आले. मागं सरपंच.

"पेटीवाल्या, उचल हा डब्बा."

"काऊन जी?"

"काऊन? मी तिसरीच्या पोरांना 'माझा गाव' यावर पाच ओळी लिहायला सांगितल्या. अकरा पोरांनी लिहिलं, 'आमच्या गावात हत्ती आहे.'"

सरपंच खो खो हसले. मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं तसे थांबले.

मास्तर म्हणाले, "डोळ्यानं आयतं गिळतात. चावायचं काम नाही, मग डोकं कशाला हालेल? पाढा विचारला तर पेटीत पाहिल्यासारखं तोंड उघडं ठेवतात. सरपंचसाहेब, हा माणूस पोरांचा मेंदू सुस्त करून राहिला."

आता मी गप्प बसलो असतो तर दुसऱ्या दिवशी शाळेपासून चार शेतं दूर उभा राहिलो असतो, आणि गोष्ट संपली असती. पण सव्वीस वर्षं आणि वर डोक्यातली हवा! म्हणालो, "मास्तर, तुमचा नकाशा भिताडावर लटकून राह्यला, त्यात शयर म्हंजे मुंगीएवढा ठिपका. माह्या पेटीत अख्खं शयर हाय. घ्या परीक्षा! माह्या पेटीतल्या शयराइवर विचारा. पोट्टे तुमच्यापक्षा जास्त सांगतीन."

"विचारू?"

"विचारा!"

"मी नाही. पौषात डिप्टीसाहेब तपासणीला येतात. ते विचारतील. पोरं चुकली तर पेटी या गावात दिसायची नाही."

सरपंच म्हणाले, "मंजूर." मीही म्हणालो, "मंजूर." आणि घरी जाताना हिशोब मांडला. एका गावानं हाकललं की दुसऱ्या गावचे मास्तरही तेच करणार. पेटी चुलीत जाणार, आणि मी थोरल्या भावाच्या वावरात त्याच्या शिव्या खात राबणार. त्याच्या शिव्या ऐकायच्या नाहीत म्हणूनच तर मी पेटी घेतली होती. शिवाय आपल्याला वाचता येत नाही हे कुणाला कळावं, यापेक्षा तो नाला परत बरा.

डिप्टीसाहेब आले ते सायकलवर, कोट घालून. तेव्हा आपला जिल्हा मध्यप्रदेशात. साहेब जबलपूरकडचे, मराठी बोलायचे पण मध्ये मध्ये हिंदीत शिरायचे. वर्ग तपासून झाले. सरपंचांनी माझा मामला सांगितला. साहेब हसले, म्हणाले, "पेटी लाओ." शाळेच्या ओसरीसमोर उन्हात पेटी लावली. साहेब उकिडवे बसले आणि पहिल्या भोकाला डोळा लावला. टोपी पेटीला अडायला लागली तशी त्यांनी ती मास्तरांच्या हातात दिली. बाराही चित्रं पाहिली. हत्तीवर दोनदा थांबायला लावलं. मास्तरांचा चेहरा पडला. मला वाटलं, जिंकलो.

साहेब उठले. माझी रोजची गिऱ्हाइकं असलेले तीन पोट्टे पुढं उभे केले.

"तिसरं चित्र कोणत्या गावचं?"

"म्हैसूर!" पहिला ओरडला.

"हट्! ग्वाल्हेर!" दुसरा.

"लखनौ हाय, साहेब. मी डोळ्यानं पाह्यलं," मारोती म्हणाला. तो पाटलाचा, पैसेवाला.

"मीबी डोळ्यानंच पाह्यलं, बे!"

"मंग मी काय कानानं पाह्यलं?"

तिघं एकमेकांच्या अंगावर गेले. मास्तरांनी छडी आडवी घातली. साहेबांनी मला पट्टी तिसऱ्या चित्रावर आणायला लावली, झाकणातून आत वाकून पाहिलं आणि म्हणाले, "इथं तर लिहिलं आहे. जयपूर, हवामहल."

मास्तरांनी छडी काखेत मारली. त्यांनी ती उगारली असती तर मला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात मागून आवाज आला, "साहेब, मी सांगू?"

कौसी.

साहेब म्हणाले, "तू पाहिली आहेस ही पेटी?"

"नाई. ऐकली."

"मग तुला काय माहीत?"

"शयर नाई मालूम. पन या भाऊलेबी मालूम नाई." हसू फुटलं. ती हसली नाही. बोटं मोजत सांगायला लागली. "पोळ्याच्या आधी तिसऱ्या चित्राले हा भाऊ दर खेपेले म्हैसूरच म्हने. मंग तो नाल्यात पडला. तवापासून कधी म्हैसूर, कधी ग्वाल्हेर, कधी लखनौ. पन खिडक्या तितक्याच सांगते, रंगबी तोच, गुलाबी. एकच वाडा तीन गावात कसा राह्यल?"

"मग काय झालं असेल?"

"नाल्यात चित्रं सुटली असतीन. याले नावं पाठ होती, चित्रं नाई. मागं-पुढं चिकटवली, अन् मंग भेऊन रोज नाव बदलवत राह्यला."

पन्नास माणसांसमोर, तिसरीतल्या पोट्टीनं, न पाहता, माझं पोट फाडून आतलं दाखवलं. साहेब माझ्याकडे वळले.

"पेटीवाले, नाव तर खाली छापलेलं आहे. वाचत का नाही?"

मी म्हणालो, "चष्मा घरी राह्यला."

सव्वीस वर्षांचा गडी! सरपंच एवढे हसले की ओसरीच्या खांबाला धरून बसले.

साहेबांनी टोपी घातली. "मास्तर, तुमचं म्हणणं खरं आहे. ज्यांनी पाहिलं त्यांनी विचार केला नाही. पण ही मुलगीही याच पेटीपाशी उभी राहून हुशार झाली, हे कसं नाकारता? याला एक रात्र द्या. उद्या प्रार्थनेच्या आधी यानं बारा नावं बरोबर सांगितली तर पेटी राहील. एक जरी चुकलं तर जाईल."

साहेब सायकलवर टांग टाकून हिंगणघाटकडे गेले. मास्तर मला म्हणाले, "संध्याकाळी ये. नावं वाचून देतो." मनानं चांगला माणूस. पण ज्यानं गावासमोर मला उघडं पाडायचं मनात आणलं त्याच्यापुढं बसून अक्षरं विचारू? मी म्हणालो, "गरज नाई. चष्मा आनतो."

आणि उन्हं उतरायच्या आत मी पेटी घेऊन कौसीच्या आंगणात गेलो.

पट्टी काढून सारवलेल्या जमिनीवर पसरली. कौसी ती चित्रं पहिल्यांदा पाहत होती. हत्तीपाशी ती बसूनच राहिली. मला वाटलं, आता म्हणेल केवढा मोठा.

"एवढाच काय?" ती म्हणाली.

"भिंगातून मोठा दिसते, माय."

"माह्यातला याच्याहून मोठा होता." आणि तिनं पुढच्या चित्राकडे मान वळवली. असा माझा धंदा एका वाक्यात निकालात निघाला.

ती नावं वाचत गेली, मी बोटांच्या पेरांवर बसवत गेलो. हत्ती, पूल, हवामहल. आठवं झालं. नवव्याला ती अडली. परत वाचलं. मग हळूच म्हणाली, "भाऊ, हे काशी म्हनता ना तुमी?"

"हो. पानी, पायऱ्या, मंदिर. काशीच."

"उदयपूर लिवलं हाय."

ही गफलत नाल्याची नव्हती. दुकानदारानं काशी सांगितलीच नव्हती. गावोगावच्या म्हाताऱ्या विचारायच्या, "बापा, काशी हाय काय रे त्यात?" नाही म्हणायला जीभ वळेना. एक दिवस म्हणालो, हाय. पाणी आणि मंदिर दोन्ही असलेलं चित्र तेवढं एकच होतं.

मी म्हणालो, "बरं, उदयपूर त उदयपूर. पुढं वाच."

कौसीनं वाचलं नाही. घराच्या दाराकडे पाहिलं. आत तिची आजी चुलीपाशी भाकरी थापत होती. "आजीनं तुमच्या पेटीत काशी पाह्यली," कौसी म्हणाली. "मार्गशीर्षात. मूठभर तीळ देल्ले होते तुमाले."

आठवलं. एक वाकलेली म्हातारी आली होती, भोकाला कपाळ टेकवून बराच वेळ उठली नव्हती. मागचे पोट्टे कावले होते, तर मी त्यांना दटावलं होतं.

"मंग?"

"काशीले गेलं की आवडतं काहीतरी सोडा लागते ना? आजीनं वांगं सोडलं."

मी वऱ्हाडी माणूस. माझ्या जिवाला काय झालं ते मीच जाणतो. वांगं सोडणं म्हणजे गंमत नव्हे. आणि तेही उदयपूरसाठी!

"आजी उद्या येऊन राह्यली," कौसी म्हणाली. "म्हने, पेटी जाईन त पुन्हा काशी कवा दिसन."

"मंग मी काय म्हनू, पोरी? मास्तर झाकनातून नाव वाचत उभा राह्यल. उदयपूर म्हनलं त तुह्या आजीचं वांगं वाया जाते. काशी म्हनलं त माही पेटी जाते. तुले काय वाटते?"

जिनं साहेबांसमोर एका दमात हिशोब मांडला होता, ती पोट्टी जमिनीवर काडीनं रेघा ओढत राहिली. मी दोनदा विचारलं.

"थांबा ना, भाऊ," ती म्हणाली. "मी विचार करून राह्यली."

अंधार पडला, मी पट्टी गुंडाळली, तरी तिचा विचार चाललेलाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेच्या आधी मी कडुनिंबाखाली पेटी लावली. सगळा गाव जमलेला. मास्तर झाकणापाशी, हातात कागद-पेन्सिल. सरपंच बाजेवर. आजी आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून आली होती. तिला कुणीतरी पहिल्या भोकासमोर बसवलं. कौसी रोजच्यासारखी पेटीला पाठ लावून उभी राहिली. पण त्या दिवशी तिनं डोळे मिटले नव्हते.

मी दांडी फिरवली. हत्ती, बरोबर. पूल, बरोबर. जयपूरचा हवामहल म्हणालो, तेव्हा मारोतीनं "लखनौ!" म्हणून जीभ चावली. मास्तर वाचत होते, खुणा करत होते. चार, पाच, सहा, सात, आठ. सगळी बरोबर. सरपंच कौतुकानं म्हणाले, "चष्म्याशिवाय, बे!"

नववं आलं. आजीनं डोळा भोकावरून न काढता दोन्ही हात जोडले.

मी कौसीकडे पाहिलं. ती आजीच्या हातांकडे पाहत होती. मास्तर झाकणावर वाकले होते. ओळ त्यांच्या डोळ्यांसमोर होती, बारीक पण स्वच्छ, आणि झाकणातून ती वाचणारा माणूस तेवढा एकच.

मी छाती भरून श्वास घेतला आणि शेजारच्या गावाला ऐकू जाईल असं ओरडलो, "अन् हे आली काशी! पाह्य माय, डोळा भरून पाह्य, गंगामाई कशी शांत वाहून राह्यली!"

मास्तरांची पेन्सिल थांबली. त्यांनी ओळ परत वाचली. माझ्याकडे पाहिलं. मग आजीकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते, हात तसेच जोडलेले होते. मास्तरांनी कागदावर बरोबरची खूण केली आणि कुणाकडेच न पाहता म्हणाले, "दहावं."

मी दांडी फिरवली.